प्लगाभाव-विचार
अर्थात जैवमाहितीच्या कार्यशाळेतील क्षुल्लक गोष्टींचे शास्त्र

शास्त्रग्रंथाच्या आरंभी अनुबंधचतुष्टय सांगावे, म्हणजे ग्रंथाचा अधिकारी कोण, विषय कोणता, दोहोंचा संबंध काय आणि प्रयोजन कोणते हे उघड करावे, असा जुना दंडक आहे. तो आम्हांस मुळीच जड जात नाही. कोणत्याही कार्यशाळेच्या माहितीपत्रकात ह्याच चार गोष्टी छापलेल्या असतात, फक्त वर तीन बोधचिन्हे जास्त असतात. अधिकारी म्हणजे संलग्न महाविद्यालयातला प्राध्यापक अथवा पीएच.डी.चा विद्यार्थी, ज्याने नोंदणी शुल्क भरून पावतीचा स्क्रीनशॉट जोडला आहे. विषय जैवमाहितीशास्त्र, म्हणजे डीएनए आणि प्रथिने अक्षरांच्या रूपात संगणकावर मांडून वाचण्याचे व एकमेकांशी ताडून पाहण्याचे शास्त्र. संबंध बहुधा नाममात्र. प्रयोजनाविषयी मात्र मतभेद नाहीत. यूजीसीच्या २०१० च्या नियमावलीत पदोन्नतीसाठी एपीआय नावाचे गुण आले, २०१८ च्या नियमावलीने त्यांचा वेश बदलला, पण प्रमाणपत्र दोन्हीकडे लागते. ह्या प्रयोजनास शास्त्रकार 'मोक्ष' म्हणतात आणि कार्यालयीन अधीक्षक 'कॅसची फाइल' (म्हणजे पदोन्नतीची) म्हणतात.

ह्या शास्त्रातल्या थोर गोष्टींवर थोरांनी लिहिलेले आहे. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने १९८६-८७ मध्ये देशभर जैवमाहिती केंद्रांचे जाळे विणायला घेतले, पुणे विद्यापीठातले केंद्र डॉ. अशोक कोळस्कर यांच्या नेतृत्वाखाली वाढले, त्याच आवारातल्या सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक सिद्ध केला. हे सर्व अभिमानास्पद आहे आणि प्रत्येक उद्घाटनपर भाषणात येते, म्हणून येथे गाळले आहे. प्रस्तुत प्रबंधकार गडचांदूरचा. कोरपना तालुक्यातले हे गाव चुनखडीवर बसलेले असून सिमेंटसाठी प्रसिद्ध आहे. धूळ हे येथले सहावे महाभूत. कीबोर्डच्या फटीतली भुकटी पाहून लॅपटॉपचा मालक आवारपूरच्या कारखान्याकडचा की उपरवाहीच्या, हे ओळखता येते, असा दावा आमच्या एका सहकाऱ्याने केला आहे. तो अद्याप सिद्ध झालेला नाही. अशा मुलखातल्या माणसाची नजर सूक्ष्म कणांवर पडते, त्यात त्याचा दोष नाही.

अध्याय पहिला : प्लग

सूत्र असे: यत्र यत्र लॅपटॉपस्तत्र तत्र प्लगाभावः।

भाष्य. नैयायिकांनी जिथे धूर तिथे अग्नी ही व्याप्ती सांगितली, पण ती उलट करता येत नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. आमची व्याप्ती ह्या बाबतीत सरस आहे. जिथे लॅपटॉप आहे तिथे प्लग नाही, आणि ज्या भिंतीवर प्लग आहे तिथे बाक नाही. दोन्ही दिशांनी टिकणारी व्याप्ती जगात दुर्मिळ.

पूर्वपक्ष म्हणतो की व्यासपीठामागे एक प्लग असतो. असतो, पण त्यात ध्वनिक्षेपकाचा ॲम्प्लिफायर असतो. मग खिडकीजवळचा? त्यात कूलर. दाराजवळचा? तो पंधरा अँपिअरचा, जाड पिनांचा, आणि त्याची नेमणूक कोणत्या यंत्रासाठी झाली होती ते जाणणारे कर्मचारी निवृत्त झाले आहेत. कारणमीमांसा सोपी आहे. पुष्कळ महाविद्यालयांतल्या प्रयोगशाळा टेबलावरचे संगणक मांडण्यासाठी बांधल्या गेल्या. ते संगणक कालांतराने दगावले, आणि माहितीपत्रकावर 'सहभागींनी स्वतःचा लॅपटॉप आणावा' ही ओळ अवतरली. लॅपटॉप आले, भिंती होत्या तिथेच राहिल्या.

येथे एक भौगोलिक टीप देणे भाग आहे. चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट. चंद्रपुराहून कल्याणजवळच्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटर लांबीची, ५०० किलोव्होल्ट दाबाची डीसी वाहिनी १९९९ पासून आहे आणि तिच्यातून १,५०० मेगावॅट वाहून नेता येते. तात्पर्य, आमच्या जिल्ह्यातली वीज पश्चिमेकडे जाते. तिच्या मागोमाग आमच्या जिल्ह्यातला प्राध्यापक शिकायला पश्चिमेकडे जातो. आणि तिथल्या सभागृहात पोचल्यावर दोघांची भेट होत नाही. कार्यशाळा आमच्याकडेच भरली तरी फरक पडत नाही. एका महाविद्यालयात (नाव सांगणे शास्त्राला आवश्यक नाही) पुढील संवाद आमच्या कानी पडला आहे.

"मामा, एक्स्टेन्शन बोर्ड भेटन का जी?"

"होता न सर. तो मांडववाल्याचा होता. उद्घाटन झालं न् घेऊन गेला."

"मंग आता?"

"आता प्रोजेक्टर बंद करा लागन."

दासबोधात जीवांचे बद्ध, मुमुक्षू, साधक आणि सिद्ध असे चार प्रकार सांगितले आहेत. समर्थांच्या काळी कार्यशाळा नव्हत्या हे खरे, तरी ही विभागणी तंतोतंत बसते. ज्याची बॅटरी मेली आहे आणि जो वायरीने भिंतीला बांधला गेला आहे तो बद्ध. ज्याची बॅटरी चाळीस टक्क्यांवर आहे आणि जो दर पाच मिनिटांनी भिंतींकडे पाहतो तो मुमुक्षू. घरून निघताना पाच मीटरचा बोर्ड पिशवीत टाकून आणणारा तो साधक. त्याच्याभोवती आपोआप शिष्यपरिवार जमतो, आणि दुपारपर्यंत लोक त्यालाच शंका विचारू लागतात. सिद्ध तो, ज्याने लॅपटॉप आणलेलाच नाही. तो शेजाऱ्याच्या पडद्याकडे साक्षीभावाने पाहतो आणि मधून मधून 'एंटर दाबा' असे सांगतो.

अध्याय दुसरा : वायफायचे अभाव

वैशेषिकांनी अभावाचे चार प्रकार केले तेव्हा त्यांच्यासमोर घट होता. आमच्यासमोर वायफाय आहे, आणि चारही प्रकार एकाच दिवसात प्रत्ययास येतात. सकाळी पासवर्ड आलेला नसतो. 'सिस्टीमवाले सर येऊन राहिले' एवढेच समजते. हा प्रागभाव. पासवर्ड फळ्यावर लिहिला जातो, सर्वजण एकदम जोडले जातात, सर्वजण एकदम एकाच अमेरिकी सर्व्हरवर एकच शोध टाकतात, आणि होते ते नाहीसे होते. हा प्रध्वंसाभाव, यास सुरुवात आहे पण अंत नाही, असे शास्त्रात म्हटलेच आहे. शेवटच्या रांगेत नेटवर्क कधी नव्हते, नाही आणि असणार नाही: अत्यंताभाव. राहिला अन्योन्याभाव, म्हणजे घट हा पट नव्हे. आपण ज्याला जोडलो आहोत ते महाविद्यालयाचे वायफाय नसून प्राचार्यांच्या चालकाच्या मोबाइलचा हॉटस्पॉट आहे, हे ज्ञान दुपारी दोनच्या सुमारास होते. चालकाला ते आधीच झालेले असते.

अध्याय तिसरा : उद्घाटन

वाऱ्याने विझणाऱ्या समईच्या वातींवर स्वतंत्र ग्रंथ व्हावा, इतका हा विषय मोठा असल्याने येथे घेतलेला नाही.

अध्याय चौथा : अंतर, रेघ, कोन आणि मार्च महिना

आता सूक्ष्मांतल्या सूक्ष्माकडे वळू. संगणकाच्या काळ्या खिडकीत आज्ञा लिहिण्याचे सत्र हे कार्यशाळेचे हृदय मानले जाते. ह्या सत्रात विज्ञानामुळे कोणीही अडत नाही, हे आमचे निरीक्षण आहे. लोक अडतात ते रिकाम्या जागेवर. फाइल 'न्यू फोल्डर' नावाच्या घरट्यात ठेवलेली असते. यंत्र त्या नावातल्या पहिल्या रिकाम्या जागेपाशी थांबते आणि 'न्यू' नावाचे काही सापडत नाही असे कळवते. आम्ही ज्याला काहीच नाही असे समजतो ते यंत्राच्या लेखी एक अक्षर आहे. शून्यवादी बौद्धांशी शतकानुशतके वाद घालणाऱ्या आचार्यांना हा दाखला मिळाला असता तर पुष्कळ कागद वाचला असता.

रेघेचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. आज्ञेत दोन आखूड रेघा एकापुढे एक लागतात. हस्तपुस्तिका वर्डमध्ये टंकलेली असते, आणि वर्डला दोन आखूड रेघा शेजारी दिसल्या की त्यांचे लग्न लावून एक लांब रेघ करण्याची आवड आहे. डोळ्यांना ती शोभून दिसते. सहभागी ती उचलून खिडकीत चिकटवतो आणि यंत्र नकार देते. मग तज्ज्ञ मार्गदर्शक (यांना 'रिसोर्स पर्सन' म्हणतात) खाली वाकतात, पडद्यावर नाक टेकेल इतके जवळ जातात आणि म्हणतात, "ही रेघ हाताने टाइप करा." ह्या एका वाक्यासाठी विमानाचे भाडे दिले गेले आहे असे कोणी म्हणेल. आमच्या मते ते वाजवी आहे, कारण हे वाक्य कोणत्याही पुस्तकात नाही.

विंडोजमध्ये ओळ संपल्याच्या दोन खुणा असतात आणि लिनक्समध्ये एक; ही टेलिप्रिंटरच्या गाड्याला मागे ढकलण्याची आठवण आहे, आणि तिच्यावर जेवणाच्या सुट्टीआधीचा अर्धा तास जातो. याहून अधिक बोलण्यासारखे त्यात काही नाही.

'पेक्षा मोठे' ह्या अर्थाचे कोनचिन्ह मात्र दुर्लक्षिण्यासारखे नाही. लिपमन आणि पिअर्सन यांनी १९८५ मध्ये क्रम शोधण्याची आज्ञावली प्रसिद्ध केली. तिच्या वंशावळीतून फास्टा नावाची लिहिण्याची पद्धत रूढ झाली. पहिल्या ओळीच्या आरंभी हे कोनचिन्ह, मग नाव, आणि पुढच्या ओळीपासून अक्षरे, एवढेच तिचे व्याकरण. माणसाच्या जनुकसंचातली सुमारे तीन अब्ज अक्षरे असोत की करोना विषाणूची २९,९०३, कोनचिन्ह पुसले गेले की नाव आणि शरीर यांतला भेद यंत्राला कळेनासा होतो आणि ते नावालाच क्रम समजून वाचू लागते. हा देहात्मबुद्धीचा उलटा प्रकार होय.

ह्या अध्यायाचा कळस एक्सेल. माणसाच्या जनुकांत 'मार्च १', 'सेप्ट २' अशा संक्षिप्त नावांची मंडळी होती. ही यादी एक्सेलमध्ये उघडली की एक्सेल त्यांना मार्चची एक तारीख आणि सप्टेंबरची दोन तारीख करून टाकी. २००४ मध्ये संशोधकांनी याचा इशारा छापला. २०१६ मध्ये तपासणी झाली तेव्हा नामांकित नियतकालिकांतल्या, जनुकांच्या यादीची एक्सेल फाइल जोडलेल्या निबंधांपैकी सुमारे एकपंचमांश निबंधांत अशा चुका आढळल्या. एक्सेल बदलेना, म्हणून जनुकांना नावे देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने २०२० मध्ये जनुकांचीच नावे बदलली: सेप्टचे सेप्टिन, मार्चचे मार्चएफ. मायक्रोसॉफ्टने हे आपोआप होणारे रूपांतर बंद करण्याची सोय दिली ती २०२३ मध्ये, म्हणजे जनुकांनी हार मानल्यानंतर तीन वर्षांनी.

परदेशी विद्वानांना ह्या घटनेचे फार आश्चर्य वाटले. आमच्याकडच्या एकाही प्राचार्याला वाटले नाही. मार्च महिन्यापुढे कोणाचेच चालत नाही हे अनुदान खर्च करणारा प्रत्येकजण जाणतो. कार्यशाळा फेब्रुवारीच्या अखेरीस आणि मार्चमध्येच का पिकतात, याचे उत्तर पेशीत शोधू नये. ३१ तारखेला पाठवायच्या उपयोगिता प्रमाणपत्रात शोधावे. जनुक तेवढे नवे निघाले.

अध्याय पाचवा : चहा

अकराचा चहा साडेअकराला येतो व त्यानंतरचे सत्र तेवढेच सरकते; क्रमात एका अक्षराची भर पडली की पुढचे सारे वाचन बिघडते, ह्या तत्त्वाचे, म्हणजे फ्रेमशिफ्टचे, याहून चांगले प्रात्यक्षिक आम्ही पाहिलेले नाही.

अध्याय सहावा : माणिकगड नावाचे प्रथिन

दुपारच्या जेवणानंतर डोळे जड झाले की तज्ज्ञ मार्गदर्शक एक युक्ती करतात. आपले नाव रोमन लिपीत टाका आणि त्याचे प्रथिन जगात कुठे सापडते ते पाहा, असे सांगतात. हे शक्य होते ते मार्गारेट डेहॉफ ह्या बाईंमुळे. १९६५ मध्ये त्यांनी तोवर माहीत झालेल्या प्रथिनांचा ॲटलास काढला, आणि नोंदी आटोपशीर व्हाव्यात म्हणून प्रत्येक अमिनो आम्लाला तीन अक्षरांऐवजी एकच अक्षर दिले. वीस आम्ले, वीस अक्षरे. कार्डांवरची जागा वाचवण्याच्या काटकसरीतून एका शास्त्राची वर्णमाला निघाली. क्षुल्लकाच्या सामर्थ्याविषयी याहून अधिक काय सांगावे?

सहभागी आपापली नावे टाकतात. प्रस्तुत प्रबंधकाराने व्यक्तिगत मोह टाळून गावे टाकली, आणि जे निष्पन्न झाले ते येथे प्रथमच प्रसिद्ध होत आहे.

माणिकगड हा गडचांदुराजवळचा डोंगरी किल्ला. त्याची रोमन अक्षरे एम, ए, एन, आय, के, जी, ए, डी. आठच्या आठ प्रमाणित अमिनो आम्ले. इतकेच नव्हे, आरंभी एम, म्हणजे मेथिओनिन. आणि पेशी नवे प्रथिन रचू लागते ती मेथिओनिनपासूनच. निसर्गाचे सर्व नियम पाळणारा किल्ला आमच्या पाहण्यात हा एकच. त्याचा रेणुभार सुमारे ८१९ डाल्टन भरतो, म्हणजे एका ग्रॅममध्ये अंदाजे ७३५ अब्ज गुणिले एक अब्ज माणिकगड मावतात. गडप्रेमींनी नोंद घ्यावी. चढायला एकच पुरतो.

गडचांदूर इतके सरळ नाही. त्यात यू येतो. हे अक्षर मूळच्या विसांत नाही. ते सेलेनोसिस्टीन ह्या एकविसाव्या आम्लाला नंतर दिले गेले. आणि ह्या आम्लाची रीत पाहा: त्याचा संकेत यूजीए हा खरे म्हणजे 'येथे थांबा' असा आहे. पण निरोपात पुढे एक विशिष्ट वळणाची खूण असली की पेशी त्या थांब्यावर न थांबता हे आम्ल जोडते आणि पुढे जाते. भरलेली एसटी गडचांदूरच्या फाट्यावर जे करते तेच. चंद्रपूर, नागपूर आणि पुणे यांतही यू आहे, परंतु तिथे बसगाड्या थांबतात, तेव्हा त्यांच्याबाबत वेगळा विचार करावा लागेल.

गडचिरोली, कोरपना आणि वरोरा यांच्यात ओ आहे. हे बाविसावे आम्ल, पायरोलायसिन. मिथेन तयार करणाऱ्या सूक्ष्मजीवांत ते २००२ मध्ये सापडले. तेही एका 'थांबा' संकेतावरच वसलेले. जो कोपरा नकाशावर शेवटी उघडला, त्याच्या नावात वर्णमालेतले शेवटचे अक्षर पडावे हा योगायोग असेल. गडचिरोली जिल्हा स्वतंत्र झाला तो २६ ऑगस्ट १९८२ ला आणि त्याला स्वतःचे विद्यापीठ मिळाले २०११ मध्ये.

राजुऱ्याची गोष्ट निराळी. त्यात जे आहे, आणि हे अक्षर 'ल्युसिन की आयसोल्युसिन, नक्की सांगता येत नाही' अशा जागी लिहितात. आता इतिहास पाहा. राजुरा तालुका निजामी राजवटीतल्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ मध्ये तो नांदेड जिल्ह्यात गेला आणि १९५९ मध्ये चांदा (म्हणजे आजच्या चंद्रपूर) जिल्ह्यात आला. जमीन तीच, माणसे तीच, सातबारावरचा मथळा मात्र दोनदा बदलला. नोंदणी क्रमांक बदलतो, क्रम बदलत नाही, हे शिकवायला कार्यशाळेत अर्धा तास लागतो. आमच्या म्हाताऱ्यांना ते पाठ आहे. बल्लारपुरातला बी तसाच संदिग्ध: ॲस्पार्टिक आम्ल की ॲस्पॅराजिन? गाव बल्लारपूर की स्टेशन बल्लारशाह?

आता पूर्वपक्ष उभा राहतो. माणिकगडाची आठ अक्षरे शोधयंत्रात टाकल्यावर कुठल्याशा दूरदेशीच्या जिवाणूत ती जशीच्या तशी सापडली, तर त्यावरून ह्या किल्ल्याचे प्राचीनत्व सिद्ध होत नाही काय? असे निबंध लिहिले गेल्यास आम्हांस नवल वाटणार नाही. उत्तरपक्ष असा. वीस अक्षरांचे आठ-आठचे संच २,५६० कोटी होतात. सार्वजनिक संग्रहांत साठलेली प्रथिनांची अक्षरे ह्याहून अधिक आहेत. तेव्हा असा तुकडा निव्वळ योगायोगाने कुठे ना कुठे सापडावा हीच अपेक्षा. १९९० मध्ये आलेल्या ब्लास्ट ह्या शोधयंत्राच्या निकालात प्रत्येक जुळणीपुढे ई-मूल्य नावाचा आकडा असतो. इतक्या मोठ्या संग्रहात इतकी चांगली जुळणी आपोआप किती वेळा होईल, ते तो सांगतो. आकडा एकाच्या आसपास किंवा वर असेल तर हुरळून जाऊ नये. सबंध कार्यशाळेत डोक्यात ठेवण्याजोगी गोष्ट म्हणाल तर ही. ती चार वाजता सांगितली जाते, तेव्हा पुढच्या दोन रांगा फीडबॅक फॉर्म भरत असतात.

अध्याय सातवा : प्रमाणपत्रावरील नाव

वैयाकरणांनी शब्दाला होणारे विकार लोप, आगम, आदेश असे सांगितले. जनुकालाही हेच होतात, आणि प्रमाणपत्रावरच्या नावालाही. वानखेडे यांच्या एका मात्रेचा लोप झाला की वानखडे. मेश्राम यांच्यात एका ए चा आगम झाला की रोमन लिपीत मेशराम. मडावींचे माडवी होणे हा वर्णविपर्यय. तो विरळा, पण घातक.

दोन क्रम समोरासमोर ठेवून त्यांतला फरक मोजण्याची शिस्तशीर रीत नीडलमन आणि वुन्श यांनी १९७० मध्ये घालून दिली. जुळले तर गुण, न जुळले तर दंड, मध्ये रिकामी जागा सोडावी लागली तर त्याचाही दंड. पुढे १९९२ मध्ये हेनिकॉफ दांपत्याने ब्लोसम नावाचे कोष्टक केले, त्यात एक शहाणपण आहे: स्वभावाने जवळची आम्ले एकमेकांच्या जागी आली तर शिक्षा नाही, उलट गुण मिळतात. ल्युसिनच्या जागी आयसोल्युसिन आले तर अधिक दोन. निसर्गाला चालते, मग आपण का अडवावे?

महाविद्यालयाच्या आस्थापना विभागाचे कोष्टक वेगळे आहे. तिथे कर्ण सोडून सर्व घरांत उणे अनंत लिहिलेले असते. सेवापुस्तकातले नाव, आधार कार्डावरचे नाव आणि प्रमाणपत्रावरचे नाव हे तीन क्रम एकावर एक ठेवून पाहिले जातात, आणि एका अक्षराचा फरक निघाला तर शपथपत्र मागितले जाते. आयोजकांना फोन केला की ते म्हणतात, "गुगल फॉर्मवर तुम्हीच भरलं होतं जी." २०२० च्या टाळेबंदीत घरबसल्या ई-प्रमाणपत्रांचा पाऊस पडला तेव्हा हा विकार साथीसारखा पसरला. प्रश्नमंजूषेत चाळीस टक्के मिळवून उत्तीर्ण झालेली माणसे स्वतःच्या नावात मात्र नापास झाली. येथे आमचे मत स्पष्ट आहे. हेनिकॉफ दांपत्याच्या कोष्टकाची एकेक प्रत सर्व अधीक्षकांना पाठवावी.

अध्याय आठवा : सहा की सात

जुळवणीचा धडा शिकवताना मार्गदर्शक हमखास हिमोग्लोबिन काढतात, आणि त्यात सिकलसेलचा बदल दाखवतात. उदाहरण पुस्तकातले, बाहेरून आणलेले. पण समोर बसलेल्यांपैकी गडचिरोली, कुरखेडा, जिवतीकडची जी मंडळी असतात त्यांना ते पुस्तकातले वाटत नाही. आश्रमशाळेत रक्ताचा थेंब घेऊन सोल्युबिलिटी चाचणी करताना त्यांनी पाहिलेले असते. घरात नाहीतर शेजारी कोणाला तरी हा आजार असतो. केंद्राने १ जुलै २०२३ ला सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली, त्याच्या कितीतरी आधीपासून ह्या भागात त्याची तपासणी चालू आहे. जनुकात जीएजी ह्या तीन अक्षरांचे जीटीजी होते. एक अक्षर. त्यामुळे ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येते. ब्लोसमच्या कोष्टकात ह्या अदलाबदलीला उणे दोन आहेत, आणि प्राणवायू कमी पडला की रक्तपेशी कोयत्यासारखी वाकते.

येथपर्यंत वर्ग शांत असतो. मग मागून कोणीतरी विचारतो, "सर, तुमच्या पडद्यावर तर सातव्या जागी दिसून राहिलं. आमच्याकडे सहाव्याच सांगतात."

आणि सत्र कोसळते. दोन तट पडतात. सहावादी म्हणतात की व्हर्नन इन्ग्रॅम यांनी १९५० च्या दशकात हा बदल शोधला तेव्हापासून सहाच चालत आले, डॉक्टर सहाच म्हणतात, एम.एस्सी.च्या पेपरात सहा लिहूनच गुण मिळाले. सातवादी संग्रहाची नोंद उघडून दाखवतात: सात. वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक दोन्ही बाजूंना दुजोरा देतात. एक विद्यार्थिनी, जिने सकाळपासून तोंड उघडलेले नसते, वहीत बोटाने मोजते आणि सांगते की एम धरला तर सात, सोडला तर सहा.

वाद तेवढाच आहे. पेशी हे प्रथिन रचताना आधी मेथिओनिन लावते आणि नंतर ते काढून टाकते. इन्ग्रॅम यांनी तयार प्रथिन तपासले. त्यात ते नव्हते, म्हणून सहा. आजचे संग्रह जनुकावरून लिहिलेले. त्यांत ते आहे, म्हणून सात, आणि बीटा साखळीची लांबीही १४६ ऐवजी १४७. बदलांची नावे लिहिण्याचे हल्लीचे आंतरराष्ट्रीय नियम पहिल्या मेथिओनिनपासून मोजायला सांगतात. रुग्णाच्या रक्ताला ह्या वादाचे सोयरसुतक नाही, पण अहवाल दोन जागी दोन प्रकारे लिहिला गेला आणि तिसऱ्या माणसाने ते दोन वेगळे बदल समजले, तर मग ही क्षुल्लक गोष्ट राहत नाही. शोधनिबंधांतून असा घोळ व्हायला वेळ लागत नाही.

तेव्हा आमचा निर्णय: संगणकावर सात, जुने निबंध वाचताना सहा. आणि वाचकहो, तुम्ही स्वतः अहवाल, निबंध किंवा नुसती वर्गातली टिपणे जरी लिहीत असाल, तरी पहिले मेथिओनिन मोजले की नाही ते शेजारी एका ओळीत लिहा.